इंटर्नशिप संपायच्या आधीच विचार
नोकरीचं शेवटच्या आठवड्यात विचारू नकोस. तोवर जागा आणि बजेट बहुधा ठरून गेलेलं असतं. निम्मी इंटर्नशिप झाली की मॅनेजरला सरळ सांग, ‘मला इथेच पूर्णवेळ काम करायचंय, माझं कुठे कमी पडतंय?’ उत्तर लिहून घे आणि पुढच्या भेटीत त्यातलं काय केलंस ते दाखव.

माझ्या हाताखालची एक मुलगी दर शुक्रवारी चार ओळींचा मेल पाठवायची: काय झालं, कुठे अडलं, पुढे काय करणार. तिची शिफारस लिहिताना मला फक्त ते मेल उघडावे लागले.

अडलास तर अर्धा तास स्वतः झटून बघ, मग विचार. दोन दिवस गप्प बसलेला इंटर्न मला खरंच काळजीत टाकतो. आणि हो, जागा नसेलच तर शिफारसपत्र तिथे असतानाच मागून घे.