मक्याची लापशी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, मग तिच्यामुळे पेलाग्रा हा कातडीचा, पोटाचा आणि मनाचा रोग होतो असं का म्हणतात?

लापशी बिचारी निर्दोष आहे. ती खाणाऱ्यांच्या ताटात दुसरं काहीच नव्हतं, तिथे घात झाला.

उत्तर इटलीत घट्ट लापशी, म्हणजे पोलेंटा, मक्याच्या आधीपासून होता. तो बार्ली, चेस्टनट आणि बारीक भरडधान्यांच्या पिठाचा असे. १४९२ नंतर अमेरिकेतून मका आला आणि व्हेनेटो, लोम्बार्डीत हळूहळू त्याने या सगळ्यांची जागा घेतली. उत्पन्न भरघोस. जमीनमालक गहू विकत, राबणाऱ्यांच्या वाट्याला मका. दूध, मांस सणासुदीलाही मुश्किलीने. मग उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलू लागली, जुलाब सुरू झाले, शेवटी भ्रम. १७७१ मध्ये फ्रान्चेस्को फ्रापोल्ली या डॉक्टरने त्याचं वर्णन 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, या नावाने केलं.

मला सगळ्यात चटका लावते ती पुढची गोष्ट. मेक्सिकोत हजारो वर्षं मका हेच मुख्य अन्न आहे, तरी तिथे हा रोग असा पसरला नाही. तिथल्या बायका दाणे चुन्याच्या पाण्यात उकळत, रात्रभर तसेच ठेवत, टरफलं धुऊन काढत आणि मग वाटत. मक्यात नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, असतं, पण जखडलेलं; नुसतं शिजवून ते अंगी लागत नाही. चुना ते मोकळं करतो. जोडीला घेवड्याच्या बिया असतच. जहाजांतून दाणे युरोपात पोहोचले, ही रीत नाही. ती कुणी त्या बायकांना विचारलीच नसावी, असं मला वाटतं.

कारण कळायला फार उशीर झाला. १९१४ पासून अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने दाखवून दिलं की हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे. दूध, अंडी, मांस दिलं की रोगी सुधारत. नेमका घटक नायसिन, हे १९३७ मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ एल्व्हेजेमच्या कामातून पुढे आलं.

तेव्हा तुम्ही खुशाल खा. मी नेहमी करते: उकळत्या चार वाट्या पाण्यात मीठ, मग एक वाटी जाडसर पीठ चिमटीने भुरभुरवत. एकदम ओतलं की गुठळ्या होतात. मंद आचेवर चाळीसेक मिनिटं घोटायचं, कडा सुटेपर्यंत. वर चीज घालते, आणि शिजवलेला राजमा सोबत असतोच.