बारावीतल्या मुलांची मतदार नोंदणी शाळेने करून घ्यावी का, की त्यामुळे शाळेत राजकारण शिरतं?

माझं उत्तर सरळ आहे, शाळेने करून घ्यावी आणि ती बारावीतच करून घ्यावी. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवतो, नोंदणीचं काम आमच्याकडे माझ्याकडेच असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बारावीच का म्हणतोय, तर ती पोरं एका वर्गात एकत्र बसलेली सापडतात ती शेवटची वेळ असते. रिझल्ट लागला की कोणी इंजिनिअरिंगला दुसऱ्या शहरात, कोणी कामाला, काही मुलींची लग्नं ठरतात, आणि मग त्यांना गाठून फॉर्म भरायला लावणं कोणाच्याच हातात राहत नाही. तुम्ही म्हणाल बारावीत तर बहुतेक जण १७ चे असतात, मग नोंदणी कशी होणार? होते. १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो, बऱ्याच पालकांना आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शिक्षकांनाही हे माहीतच नसतं. पूर्वी १८ पूर्ण झालेत का हे बघायला वर्षातली १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, त्यामुळे २ जानेवारीला १८ पूर्ण झालेल्या पोराला पुढचं अख्खं वर्ष थांबावं लागायचं. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा ४ तारखा आल्या. म्हणजे समजा ऑगस्ट २००८ चा जन्म आहे, तर ऑगस्ट २०२५ नंतर बारावीत असतानाच अर्ज टाकता येतो, १८ पूर्ण होतात ऑगस्ट २०२६ ला आणि १ ऑक्टोबर २०२६ च्या हिशोबाने नाव यादीत येतं.

आता शाळा प्रत्यक्षात काय करतात? २५ जानेवारीला मतदार दिवस, त्याची शपथ, रांगोळी, प्रभातफेरी, फोटो. हे सगळं चांगलंच आहे, पोरांना आवडतं पण. पण शपथ घेतलेल्या पोराचं नाव यादीत नसेल तर मतदानाच्या दिवशी ती शपथ त्याच्या काय कामाची? निवडणूक आयोगाने २०१८ पासून शाळा-कॉलेजात मतदार साक्षरता मंडळं सुरू केली, नववी ते बारावीची पोरं त्यात येतात, म्हणजे चौकट तयार आहे, फक्त त्यात फॉर्म भरण्याचा एक तास घालायचा राहतो.

तो तास कसा जातो ते सांगतो. कॉम्प्युटर लॅबमध्ये आयोगाचं पोर्टल उघडायचं, फॉर्म ६ म्हणजे नवीन नाव नोंदवायचा अर्ज घ्यायचा. पहिली अडचण ओटीपीची, कारण मोबाईल नंबर वडिलांचा असतो आणि वडील असतात शेतात नाहीतर ड्युटीवर, म्हणून आदल्या दिवशीच घरी सांगून ठेवायला लावतो. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक स्पेलिंग, आधारवर वेगळं, आडनाव कुठे पुढे कुठे मागे, मग आम्ही कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बघतो, कारण इथे चुकलं तर नंतर फॉर्म ८ भरून दुरुस्ती करत बसावं लागतं. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचं सर्टिफिकेट चालतं, ते तर शाळेच्या ओळखीचंच काम झालं. आणि घरातल्या कोणाचं तरी नाव आधीच यादीत असतं, त्यांचा मतदार कार्डाचा नंबर टाकायला सांगतो, म्हणजे पोराचं नाव यादीच्या त्याच भागात, घरच्यांसोबत पडायला मदत होते. शेवटी रेफरन्स नंबर येतो तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायचा, कारण पुढे बीएलओ, म्हणजे त्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, पडताळणीला घरी येतो आणि अर्ज कुठे अडकलाय ते त्या नंबरवरूनच कळतं.

हॉस्टेल आणि आश्रमशाळेतल्या मुलांसाठी तर शाळेशिवाय पानही हलत नाही. त्यांना गावचा पत्ता द्यायचा की हॉस्टेलचा हे निवडता येतं, फक्त कोर्स मान्यताप्राप्त आणि किमान १ वर्षाचा हवा, आणि हॉस्टेलचा पत्ता द्यायचा तर मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचं बोनाफाईड लागतं. ते वेळेत देणं ही शाळेची जबाबदारीच आहे. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, खोटी माहिती दिली तर १ वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे, हे पोरांना स्पष्ट सांगावं. आणि शिकणाऱ्या मुलांना नुसतं बाहेरगावी आहे म्हणून पोस्टाने मत देता येत नाही, त्यामुळे मतदानाच्या दिवशी आपण खरंच कुठे असणार याचा विचार करून पत्ता निवडा असं मी सांगतो.

राजकारणाची भीती मला समजते, पालक विचारतात तसं. नोंदणी म्हणजे यादीत नाव, बास. कोणाला मत द्यायचं यावर शिक्षकाने तोंड उघडायचं नाही, पक्षाच्या कार्यकर्त्याला 'आम्ही फॉर्म भरून देतो' म्हणून वर्गात घ्यायचं नाही, आणि मुलांचे नंबर, आधार कोणाच्याही हातात द्यायचे नाहीत. काही ठिकाणी आईवडिलांनी शाई लावलेलं बोट दाखवलं तर पोराला मार्क देतात, ते मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे मतदान सक्तीचं नाही, मग आईवडिलांच्या निर्णयाचे मार्क पोराला का?

मत कसं द्यायचं हे मात्र शिकवावं. बऱ्याच गावांत मतदान केंद्र म्हणजे शाळेचाच वर्ग असतो, तर तिथेच वर्गप्रतिनिधीची निवडणूक खरी यादी, खरी सही, पडद्याआड मत अशी घ्यावी, पोरांची भीती जाते. आणखी एक, मतदान केंद्रावर कॉलेजचं आयकार्ड चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स वगैरे ठरलेल्या यादीतलंच काहीतरी लागतं, आणि पहिल्यांदा जाणारं पोर नेमकं कॉलेजचंच कार्ड घेऊन जातं.

घाई का करावी याचं ताजं उदाहरण देतो. महाराष्ट्रात २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची मतदार यादी धरली, त्यानंतर १८ ची झालेली मुलं मतदानाच्या दिवशी वयात बसूनही बाहेरच राहिली. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून अशा वेळी काही उपयोग होत नाही. आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींना सांगा, नाव कापून नव्याने फॉर्म ६ भरायची गरज नाही, फॉर्म ८ ने पत्ता बदलून नाव तिकडे नेता येतं.

तुमच्या शाळेत हे होत नसेल तर मतदार साक्षरता मंडळाचे नोडल शिक्षक, म्हणजे त्याचं काम बघणारे शिक्षक, कोण आहेत ते प्राचार्यांना विचारा. कोणीच नसेल तर १९५० वर फोन करा किंवा पोर्टलवरून तुमच्या भागातल्या बीएलओचं नाव काढा, ते बऱ्याचदा शिक्षकच असतात आणि शाळेने बोलावलं तर येतात असा माझा अनुभव आहे.