इतक्या वर्षांनी कॉलेजच्या मित्राला फोन केला तर त्याला काय वाटेल?

तुम्ही लिहिलंय की वय ४८ आहे, कॉलेज सुटून पाव शतक उलटलं, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्तर जण आहेत, पण मनातलं बोलावं असा त्यात एकही उरलेला नाही. आणि आता अचानक कुणाला फोन करायचा तर संकोच वाटतो. मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठा आहे. याच संकोचापायी मी बरीच वर्षं घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोन करा. ग्रुपवर काही लिहू नका, एकाच माणसाला करा.

ग्रुप वाईट नसतो. कुणाचा नंबर हवा असेल, कुणाला तातडीने रक्त लागणार असेल, तेव्हा तो धावून येतो. पण ‘माझी नोकरी गेली’ किंवा ‘आई आता मला ओळखत नाही’ हे सत्तर जणांसमोर कोण लिहील? माझा एक मित्र, तीन वर्षं प्रॅक्टिकलला आम्ही एका टेबलावर होतो, त्याच्या वाढदिवसाला मी ग्रुपवर न चुकता शुभेच्छा टाकायचो. त्यातली दोन वर्षं त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती, हे मला माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा ग्रुपवर त्याचा चार ओळींचा निरोप आला. सगळ्यांनी जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं, मीही टाकलं. त्या रात्री झोप लागली नाही. दोन दिवसांनी धीर करून फोन लावला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “तू बोल रे. काहीही बोल.” मी आमच्या प्रयोगवहीबद्दल बोलायला लागलो, चुकलेल्या वाचनांबद्दल, पाठ केलेल्या निष्कर्षांबद्दल. पाऊण तास तो ऐकत होता, मधूनच दुरुस्तही करत होता. बायकोबद्दल तो बोलला ते तिसऱ्या फोनवर.

आमची मैत्री झाली ती आडनावांमुळे. रोल नंबर लागून आले, म्हणून एक टेबल वाट्याला आलं. मॅडी सेगल या संशोधिकेने १९७४ साली अमेरिकेतल्या पोलीस प्रशिक्षणार्थींबद्दल हेच दाखवलं होतं: तिथे खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावाच्या अकारविल्हे दिलेल्या होत्या, आणि ज्यांची आडनावं जवळजवळ त्यांचीच मैत्री जास्त जमली. काही जण म्हणतात, मग ही मैत्री योगायोगाचीच, तिचं एवढं काय! मला तसं वाटत नाही. योगायोगाने शेजार मिळतो, पण पुढचे तास आपण स्वतः घातलेले असतात. अमेरिकेतले संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली या तासांचा अंदाज मांडला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, आणि जिवलग मैत्रीला २०० हून जास्त. आता सांगा, नोकरी, घर, म्हातारे आईवडील सांभाळून पन्नाशीच्या तोंडावर नव्या माणसासाठी २०० तास कुठून काढणार? वर्गमित्राच्या खात्यात ते आधीच जमा आहेत. म्हणून तर वीस वर्षांच्या खंडानंतरही दहा मिनिटांत ‘अरे-तुरे’वर येता येतं.

राहिला संकोच. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचं २०२२ सालचं संशोधन याच्यावरच आहे. आपण आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज आपण कमी धरतो. खरं तर त्याला जास्त बरं वाटतं, आणि ध्यानीमनी नसताना विचारपूस झाली तर अधिकच. मला हे संशोधन नंतर वाचायला मिळालं. आधी मिळतं तर त्या दोन वर्षांत एक तरी फोन केला असता.

आता बोलायचं काय? ‘ओळखलंस का?’ असं विचारू नका, त्यात समोरच्याची परीक्षा होते. आपलं नाव सांगा आणि लगेच सांगा की काही काम नाही. हे फार महत्त्वाचं. इतक्या वर्षांनी फोन आला की माणसाला वाटतं, पैसे हवे असतील, नाहीतर काहीतरी विकायचं असेल. मग फक्त तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेली एखादी आठवण सांगा. मुलं काय करतात, सध्या कुठल्या पदावर आहेस, हे पहिल्याच फोनवर नको. कुणाला मुलं नसतात, कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाला मुदतीआधीच घरी बसवलेलं असतं. ‘हल्ली दिवस कसा जातो?’ एवढं विचारलं की जो तो आपल्याला हवं तिथून सुरू करतो. आणि नुसत्या जुन्या गमतींवर थांबू नका. त्या दोन-तीन फोनांत संपतात. पुढचं बोलणं आजच्या आयुष्यावरच चालतं.

सगळ्या सत्तर जणांशी संबंध ठेवायची गरज नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीप्रमाणे अगदी जवळची माणसं पाचेक असतात, त्याबाहेरचं वर्तुळ धरून पंधराच्या आसपास. त्यात कॉलेजचे दोघे-तिघे आले तरी पुष्कळ झालं. ज्याने तेव्हा तुमचा अपमान केला होता, त्याच्याशी वयामुळे पुन्हा जमवून घेतलंच पाहिजे असंही नाही.

स्नेहमेळाव्याला जरूर जा, पण त्याची वाट पाहत थांबू नका. तिथे दोन शांत वाक्यं बोलायला जागा मिळत नाही.

आम्ही दोघं आता एक रविवार आड बोलतो. तो सकाळी फिरायला निघतो तेव्हा मीही निघतो, आपापल्या गावात, कानाला फोन लावून. तुम्हालाही पहिल्या फोनला सुट्टीची सकाळ बरी. उचलला नाही, तर लागोपाठ करू नका. एक ओळ लिहून ठेवा: ‘सहज आठवण आली म्हणून केला होता, तातडीचं काही नाही, तुला सवड होईल तेव्हा बोलू.’ महिनाभर उत्तर आलं नाही तर आणखी एकदा विचारा.