रेशनकार्डं घटली म्हणजे गरिबी घटली का?

सरकारी नोंदींवरून विषमतेचा अभ्यास करणारे विद्यार्थी आणि कार्यकर्ते इंदुरात वाढताहेत, याचा मला आनंद आहे. पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून काहींची उत्तरं इथेच देते.

प्रश्न : राष्ट्रीय नमुना पाहण्या असताना खात्यांच्या नोंदी कशाला?

उत्तर : पाहणीत एका जिल्ह्याच्या वाट्याला घरं इतकी थोडी येतात, की वॉर्डाबद्दल काहीच बोलता येत नाही. शाळा, रेशन, मालमत्ता कर यांच्या नोंदी तिथवर पोचतात.

प्रश्न : आयकराच्या आकड्यांवरून माळव्यातले श्रीमंत मोजता येतील?

उत्तर : नाही. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, त्यामुळे बडा जमीनदार त्यात पुरता दिसत नाही. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, जमीन कळते, उत्पन्न नाही. दोन्ही जोडायचं असेल तर आधी संख्याशास्त्राच्या माणसाशी बोला.

प्रश्न : आमच्या वस्तीत रेशनकार्डं कमी झाली. गरिबी हटली, असं सगळे म्हणतात. प्रबंधात लिहू का?

उत्तर : लिहू नका. 'सगळे म्हणतात' हा पुरावा नव्हे.

खात्याची नोंद खात्याच्या कामाची असते, समाजाची नव्हे. हे कळलं नाही, तर पुढचं सगळं गणित वाया. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं देशपातळीवर ग्रामीण भागात 75 टक्के आणि शहरी भागात 50 टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्याची मर्यादा घातली, आणि राज्यांचे कोटे ठरले ते 2011 च्या जनगणनेवर. त्यानंतर धार-झाबुआकडून मजुरीला आलेली किती कुटुंबं या शहरात राहिली! कोटा भरला की पात्र माणूसही बाहेरच राहतो. म्हणजे कार्डांची संख्या गरिबांची संख्या सांगतच नाही, मंजुरीची सांगते.

आता वगळलेली नावं बघा. मृत्यू, दुबार नोंद, स्थलांतर ही कारणं खरी असतात. पण ई-केवायसी, म्हणजे आधारवरून यंत्रानं केलेली ओळख-पडताळणी, न झाल्यानंही नाव अडतं. गवंडीकाम किंवा धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजल्या, की यंत्र अंगठा घेत नाही. मी तपासलेल्या एका यादीत कारणाच्या रकान्यात ओळीनं एकच शब्द होता : 'अन्य'. त्या 'अन्य'मध्ये कोण मेलं, कोण गावी गेलं आणि कोणाचा अंगठा उठला नाही, हे घरी जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही.

समग्र आयडीचं, म्हणजे मध्य प्रदेश सरकार योजनांसाठी देतं त्या ओळख क्रमांकाचंही तसंच. परिवाराची आठ अंकी, सदस्याची नऊ अंकी. बाप-लेक एकाच चुलीवर जेवतात आणि योजनेसाठी कागदावर वेगळे होतात. तुम्ही परिवार मोजता तेव्हा उत्पन्न दोन तुकड्यांत पडतं आणि गरीब कुटुंबं वाढल्यासारखी दिसतात. जन्मतारखांत 1 जानेवारीचा ढीग दिसला, म्हणजे खरी तारीख माहीत नसताना ती टाकलेली दिसली, तर वयोगटांवरही फार भिस्त ठेवू नका. यादीत जे नाहीत, ते बहुधा सगळ्यांत गरीब असतात. त्यांच्यासाठी निदान एका वस्तीत घरोघर फिरून पडताळा घ्या, आणि निष्कर्ष लिहिण्याआधी गाइडला दाखवा.

प्रश्न : एक जण लाभार्थ्यांची मोबाइल नंबरांसकट यादी विकतोय. घेऊ का?

उत्तर : मुळीच नाही. ती कुठून फुटली हे तो सांगणार नाही, आणि त्यातली माणसं तुमच्या अभ्यासाला 'हो' म्हणालेली नाहीत. 'इंदूरचा संपूर्ण डेटा' अशा जाहिराती करणाऱ्यांना दारात उभं करू नका. पैसे दिले असतील तर फाइल उघडू नका, विद्यापीठाच्या नैतिकता समितीला कळवा.

प्रश्न : नावं काढून टाकली की झालं ना?

उत्तर : नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं नावं काढून रुग्णालयांच्या नोंदी दिल्या होत्या. लटान्या स्वीनी या संशोधिकेनं 1997 च्या सुमारास मतदारयादी शेजारी ठेवली, आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड यांवरून खुद्द गव्हर्नरची नोंद शोधून काढली. आपल्याकडे त्यात जातही असते. एखाद्या वॉर्डात एका जातीची दोनच घरं असली, तर नाव हवंय कशाला? तारखेऐवजी वयोगट घ्या, लहान गट एकत्र करा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण अटींवर. त्या अटी वकिलाकडून समजून घ्या.

प्रश्न : प्रबंध तीन महिन्यांत द्यायचा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज कधी टाकू?

उत्तर : आजच. खरं तर विषय नक्की झाला त्या आठवड्यातच टाकायला हवा होता. उत्तराला 30 दिवस, पहिल्या अपिलाला आणखी 30, ते लांबलं तर 45. तुमचे तीन महिने जवळपास त्यातच संपतात. नावानिशी माहिती मागू नका, नकार येईल. वॉर्डनिहाय, वर्षनिहाय बेरजा मागा, आणि वगळण्याच्या कारणांचा तक्ता वेगळा मागा. अर्जाचा मसुदा आधी जिल्हा सांख्यिकी कार्यालयात दाखवून घ्या. रकान्यांची नावं त्यांच्या रजिस्टरात असतील तशीच लिहिली, तर 'माहिती उपलब्ध नाही' म्हणायला लोक सूचना अधिकाऱ्याला (म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या जनमाहिती अधिकाऱ्याला) जागा कमी उरते.