टीबीच्या सुट्टीत ठेकेदार राजीनामा मागायलाय, सही केली तर बेकारी भत्ता मिळेल का?

भाऊ, तुमचं प्रकरण मला समजलं ते असं. वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडं प्रेस शॉपला सहा वर्षं काम, पगार 14,400, 2023 च्या नोव्हेंबरात टीबी निघाला, 20 तारखेपासून घरी, ईएसआयचे (राज्य कामगार विम्याचे) आजारपणाचे 91 दिवस 20 फेब्रुवारीला संपले, डॉक्टरनं अजून फिट दिलेलं नाही, आणि आता 2024 चा एप्रिल लागला तसा ठेकेदार म्हणायलाय की 10 तारखेचा राजीनामा लिहून दे, तुझा हिशोब करतो, ईएसआयकडून तीन महिने बेकारी भत्ता भेटतोच की.

सही करू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश वाचा.

तो ज्याला बेकारी भत्ता म्हणतो ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ह्यात सरासरी रोजाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही जन्मात एकदाच. तुमच्या पगाराला धरलं तर सगळे मिळून एकवीस हजाराच्या आसपास. पण अट बघा, काम सुटायच्या आधी दोन वर्षं विमा पाहिजे, सुटल्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी (पगारावर ईएसआयला भरतात ती) भरलेली पाहिजे, आणि त्याच्या मागच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत परत 78. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आजारपणात तुम्हाला पगार नाही म्हणून वर्गणीही नाही, त्यामुळं ऑक्टोबरचे 31 आणि नोव्हेंबरचे 19, सुट्ट्यांचा पगार धरूनसुद्धा 50 च्या पुढं आकडा जात नाही.

आता 10 एप्रिलची तारीख घाला. लगेच आधीची सहामाही कुठली? ऑक्टोबर ते मार्च. दिवस 50, पाहिजेत 78. म्हणजे ज्या भत्त्याचं गाजर दाखवून तो सही घ्यायलाय तो त्याच तारखेनं हातचा जातो. हेच काम 31 मार्चच्या आत सुटलं असतं तर एप्रिल ते सप्टेंबर 2023 मोजली गेली असती, ती तुमची पूर्ण भरलेली आहे. म्हणून तारीख मागची टाका असं मी अजिबात सांगत नाही, खोटी तारीख पुढं तुमच्याच अंगावर येते. आणि स्वखुशीनं सोडलं म्हटल्यावर दाव्यावर आणखी शंका घ्यायला जागा मिळते ती वेगळीच. ‘माझ्या घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे’ हे छापील वाक्य मी इतक्या कागदांवर बघितलंय की आता नुसत्या अक्षरावरून ठेकेदाराचा मुनीम ओळखू येतो.

आता मुद्द्याचं. 91 दिवस संपले म्हणजे ईएसआय संपलं असं बहुतेकांना वाटतं. तुमचं संपलेलं नाही. टीबी हा त्या 34 आजारांच्या यादीत आहे ज्यांना वाढीव आजारपण लाभ मिळतो, दोन वर्षं सलग नोकरी आणि आधीच्या चार सहामाह्यांत मिळून 156 दिवस वर्गणी असली की झालं, तुमच्याकडं ते आरामात आहे. ह्यात साध्या आजारपणासारखे रोजाच्या 70 नाही, 80 टक्के मिळतात. म्हणजे आत्तापर्यंत रोज 336 भेटत होते ते 384 होतील, आधी 124 दिवस आणि गरज पडली तर मेडिकल बोर्डाच्या शिफारशीनं दोन वर्षांपर्यंत. नुसत्या 124 दिवसांचे सत्तेचाळीस हजारांवर जातात, भत्त्याच्या दुप्पट. निक्षय योजनेतून टीबी पेशंटला आहारासाठी सरकार दर महिन्याला देतं ते पैसे वेगळे, ते खात्यावर येतात का तेही बघा.

फक्त एक ठिकाणी घोळ असू शकतो. पैसे बंद झाले म्हणून 20 फेब्रुवारीनंतर ईएसआय दवाखान्यातून सर्टिफिकेट घ्यायचं तुम्ही सोडलं का? बरेच जण सोडतात. सोडलं असेल तर उद्याच जा, टीबीचे सगळे रिपोर्ट आणि औषधाचं कार्ड घेऊन, मधल्या दिवसांचं काय ते डॉक्टरशी बोला आणि शाखा कार्यालयात वाढीव लाभाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी विचारून परत येऊ नका.

आणि काढायचं म्हणाल तर आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही, 2024 मधे लागू असलेल्या ईएसआय कायदा 1948 चं कलम 73 तसं सांगतं, त्या काळात दिलेली नोटीससुद्धा चालत नाही. ठराविक मुदतीनंतर मालकाला सूट आहे पण टीबीला ती मुदत लांब आहे, तुम्ही त्याच्या जवळपास पण नाही.

एक खरं सांगतो, दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही. वाढीव लाभ आणि बेकारी भत्ता एकाच वेळी मिळत नाही, आणि औषधाचा कोर्स संपून मे अखेर तुम्ही फिट झालात नि तेव्हा ठेकेदारानं घेतलं नाही, तर भत्त्याची 78 ची अट तेव्हाही बसणार नाही. तरी मी हाच रस्ता घेईन. कारण तेव्हा तुमच्या हातात राजीनामा दिलेला नसेल, आणि काढलंच तर वर्षात 240 दिवस काम भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षाला 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो, सहा वर्षांची ग्रॅच्युइटी वेगळी, सहायक कामगार आयुक्तांकडं तक्रार करता येते. घेतलं परत कामावर, तर जून ते ऑगस्टमधे 78 दिवस भरतात आणि 1 ऑक्टोबरपासून तुम्ही पुन्हा अटीत बसता, अर्थात भत्त्याच्या योजनेची मुदत तेव्हा चालू असली तरच.

अजून एक, ईएसआयच्या पोर्टलवर ठेकेदार तुमच्या नावापुढं शून्य दिवस दाखवतो तेव्हा कारण निवडावं लागतं. तिथं ‘ऑन लीव्ह’ पाहिजे. त्यानं आधीच ‘लेफ्ट सर्व्हिस’ टाकून ठेवलंय का ते तुमच्या लॉगिनमधे वर्गणीच्या पानावर बघा, आणि टाकलं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्याला फोन करायच्या आधी.