नळी निघत नाही म्हणून ओढू नका

प्रश्न: डॉक्टर, वडिलांना लघवीची नळी लावून दीड महिना झाला. काल सिस्टर घरी बदलायला आल्या तर नळी मूत्राशयात धरून ठेवणाऱ्या फुग्यातलं पाणी बाहेरच येईना, दोनतीनदा सिरिंज लावून जोरात खेचलं, एक थेंब नाही, मग नळी ओढली तर बाबा कळवळले. पिशवीत लघवी येतेय. भाऊ म्हणतो नळी कापली की फुगा आपोआप रिकामा होतो. कापू का?

उत्तर: ताई, कात्री आधी बाजूला ठेवा. कापल्यावर पाणी येतं ते फक्त बिघाड नळीच्या बाहेरच्या तोंडाशी, जिथे सिरिंज लावतात त्या व्हॉल्व्हमध्ये असेल तर, अडथळा पुढे असेल तर फुगा तसाच राहतो, वर सिरिंज लावायला जागा उरत नाही आणि आखूड कापली तर नळी आत सरकू शकते. आणि ओढणं तर नकोच, फुगलेला फुगा मूत्रमार्गातून ओढला की आतून फाटतं.

जोरात खेचल्यानेही कधीकधी पाणी अडतं, नळीतली फुग्याकडे जाणारी बारीक वाट चिकटून बसते. म्हणून आम्ही रिकामी सिरिंज नुसती लावून ठेवतो, दट्ट्या हळूहळू आपोआप मागे येतो, नाहीतर १-२ मिली पाणी आत सोडून वाट मोकळी होते का बघतो. तेवढ्याने नाही झालं तर त्या वाटेतून बारीक तार घालतात, किंवा सोनोग्राफीत बघत पोटावरून सुईने फुगा फोडतात. जास्त पाणी भरून फोडायचा नाही, रबराचे तुकडे आत राहतात आणि त्यावर खडे धरतात.

कधी पाणी निघतं तरी नळी हलत नाही, तेव्हा टोकावर क्षार जमलेले असतात, मग दुर्बिणीतून काढावी लागते. साधी रबरी नळी ४ आठवड्यांच्या आत बदलायची असते, पूर्ण सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत चालते, तुमची कुठली ते विचारा.

लघवी येतेय तोवर धावपळ नको, पण उद्यावर उद्या नको, युरॉलॉजिस्टकडे (मूत्रविकारतज्ज्ञाकडे) न्या. लघवी थांबली, ओटीपोट फुगलं, थंडी वाजून ताप आला किंवा रक्त येऊ लागलं तर मात्र रात्र असली तरी लगेच निघा. बाबा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर आत गेल्यागेल्या ते सांगा, आणि फुगा किती मिलीचा ते नळीच्या तोंडाजवळ छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.