सायकलवाट : आधी रस्ता, मग सायकल

कोल्हापुरातल्या वाचकांच्या या महिन्याच्या पत्रांतली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली, कारण थोड्याफार फरकानं तोच प्रश्न बऱ्याच जणींनी विचारलाय.

प्रश्न : ताई, मी संभाजीनगर स्टँडच्या पुढं कळंबा रस्त्याला राहते. नोकरी दसरा चौकाजवळच्या एका ऑफिसात. वय ४४. कॉलेजला सायकलनंच जायचे, लग्नानंतर ती सुटली. आता परत सायकलनं ऑफिसला जावं असं फार मनात आहे. पण मुलगा म्हणतो, दारात दोन गाड्या असताना सायकल कशाला, आणि या ट्रॅफिकमध्ये तर नकोच. मलाही गाड्यांची भीती वाटतेच. शिवाय घामाघूम होऊन ऑफिसात कसं बसायचं? सायकल कोणती घ्यावी तेही सांगा.

उत्तर : ताई, सायकल कोणती हे शेवटी सांगते. दुकानात जाऊन सायकल बघणं हे सगळ्यात सोपं काम, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. मग ती सायकल जिन्याखाली धूळ खात पडते, कारण जायचा रस्ता कुणी ठरवलेलाच नसतो.

तुम्ही आज गाडीवरून नंगीवली चौक, मिरजकर तिकटी, बिंदू चौक करत दसरा चौकात येत असणार. गाडीसाठी तो रस्ता बरोबर आहे. सायकलीसाठी त्यातला निम्माच घ्या. मंगळवार पेठेत मोठा रस्ता सोडून आत शिरलात की गल्ल्यागल्ल्यांतून बरंच अंतर जाता येतं. तिथं दारात बसलेली माणसं असतात, रस्त्यावर खेळणारी पोरं असतात, तालमीसमोर आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारसायकली असतात. अशा ठिकाणी कुणालाही गाडी जोरात मारता येत नाही, म्हणूनच तो रस्ता तुमचा. दोनचार मिनिटं जास्त लागतील. सगळं अंतर चार-पाच किलोमीटरचं, आरामात चालवूनही अर्ध्या तासाच्या आत पोहोचाल.

येत्या रविवारी सकाळी लवकर निघा आणि या गल्ल्या नुसत्या फिरून बघा. कुठली गल्ली पुढं बंद होते, कुठं फरशी उखडलीय, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, हे सगळं रविवारी कळतं. मग एखाद्या कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेला तोच रस्ता धरा. संध्याकाळी मात्र खासबागच्या खाऊगल्लीच्या बाजूनं येऊ नका. तिथं गाड्या लावणारे आणि काढणारे दोन्ही घाईत असतात. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असेल त्या दिवशी आणि नवरात्रात बिंदू चौकाचा भाग लांबूनच टाळा.

जिथं मोठ्या रस्त्यावर यावंच लागतं तिथलं सांगते. बहुतेक जणी भीतीपोटी अगदी गटारीच्या कडेला चिकटून चालवतात. ती जागा सगळ्यात वाईट. खड्डे, वाळू, काचा, जाळ्या, सगळं तिथंच साचतं. आणि तुम्ही कडेला जेवढ्या सराल तेवढ्या गाड्या तुम्हाला घासून जातील, कारण मागच्याला वाटतं मधून निघायला जागा आहे. कडेपासून हातभर आत चालवा, सरळ रेषेत. उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना तर दार उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवाच. दार उघडणारा आरशात बघेल हे गृहीत धरू नका. वळायच्या आधी मान वळवून मागं बघा, मग हात दाखवा, मग वळा. मागं बघणाऱ्या सायकलस्वाराला गाडीवाले जपतात, हे मी रोज पाहते. मी स्वतः राजारामपुरीतून लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढीवर हिशेब लिहायला जाते, सायकलनंच, आणि माल उतरवणाऱ्या ट्रकांच्या मधून वाट काढताना मान वळवायची ही सवय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

दसरा चौकात उजवीकडं जायचं असेल तर सरळ खाली उतरा आणि सायकल हातात धरून चालत रस्ता ओलांडा. त्यात काही कमीपणा नाही. चौक ओलांडला की परत बसायचं.

आता घाम. ताई, तुमच्या बाबतीत जमिनीनंच अर्धं काम केलंय. जयंती नाला कळंब्याकडून येतो, शहरातून जातो आणि पंचगंगेला मिळतो. पाणी ज्या अंगाला जातं त्याच अंगाला तुम्ही सकाळी जाणार. मधे एखादा उंचवटा लागेल, पण एकूण रस्ता उतरता. पायडल जोरात मारायची गरजच नाही. दहा मिनिटं आधी निघा, एवढंच. घाम येतो तो उशीर झाल्यामुळं. पर्स किंवा डबा पाठीवर घेऊ नका, मागं कॅरिअरला बांधा किंवा पुढं जाळीच्या बास्केटमध्ये ठेवा. पाठीवर पिशवी असली की बाकी अंग कोरडं असूनही पाठ भिजते. आणि संध्याकाळी चढ लागेल तेव्हा तुम्ही घरीच चाललेल्या असाल, न्हाणीघर चार पावलांवर.

साडी नेसत असाल तर चेनकव्हर पूर्ण बंद हवं आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी हवी. पदर खोचलेलाच हवा. ओढणीचंही तसंच, गाठ मारल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही.

पावसाचं आत्ताच सांगून ठेवते, कारण जूनमध्ये आपल्याकडं तो सुरू झाला की सांगायला सवड देत नाही. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल, हे करू नका. पँट आणि जाकीट असा दोन भागांचा रेनकोट घ्या, घोळदार नको, चाकात जातो. रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की आधी नुसते घसरतात. म्हणून चौक यायच्या बराच आधी ब्रेक हलकेच दाबून धरा. रबर रिमवरचं पाणी पुसून काढतं, त्यानंतर ब्रेक धरायला लागतो. ओलं असताना रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारींची लोखंडी झाकणं यांच्यावर वळू नका आणि ब्रेकही मारू नका. पाणी साचलंय आणि तळ दिसत नाही, तर तिथून जायचं नाही. परीख पुलाखालून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

सायकलीचं आता सांगते. खाली वाकलेल्या दांडीची लेडीज सायकल घ्या, २६ इंची चाकाची, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि बेल असलेली. जाड टायर आणि पुढं मागं शॉकॲब्सॉर्बर असलेल्या सायकली दुकानात छान दिसतात, पण त्या जड असतात आणि तुमची काही ताकद ते स्प्रिंग दाबण्यातच जाते. सीट बसवून घेताना टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. इतक्या वर्षांनी बसताय तर सुरुवातीला थोडी खाली ठेवा, दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकली की धीर येतो. हात बसला की सीट वर घ्या. खाली ठेवलेल्या सीटवर रोज चालवलं तर गुडघे दुखतात आणि मग दोष सायकलीला मिळतो. हेल्मेट घालाच.

ऑफिसात सायकल कुठं लावायची हे आधी विचारून ठेवा. हलणार नाही अशा कशाला तरी फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरून कुलूप लावायचं. नुसतं चाकाचं कुलूप असलेली सायकल उचलून नेतात. ऑफिसं चालवणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की आवारात एक लोखंडी पाइप आडवा रोवून द्या. एवढ्यानं तुमच्याकडं सायकलनं येणाऱ्यांची संख्या वाढेल, मला खात्री आहे.

मुलाचं म्हणाल, तर त्याला काळजी वाटते, त्यात त्याचं काही चुकत नाही. रविवारी त्यालाही बरोबर घ्या आणि गल्ल्या दाखवा. त्याच्या डोळ्यांसमोर मोठा रस्ता आहे, तुम्ही जाणार तो नाही.

प्रश्न : मी कसबा बावड्यात राहतो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो. शिये रस्त्यानं सायकलनं जातो येतो. दुसरी पाळी सुटली की रात्री उशिरा परत येतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा फार त्रास होतो. काही पोरं ट्रॉलीला धरून येतात, मीही कधी कधी धरतो. दिवा कसला लावावा? पावसाळ्यात काय करावं?

उत्तर : भाऊ, ट्रॉली धरणं आजपासून बंद करा. हे मी हात जोडून सांगते.

का ते नीट समजून घ्या. भरलेला ट्रॅक्टर साधारण सायकलीच्याच वेगानं चालतो. म्हणूनच तो धरावासा वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या शेजारून पुढं निघायला बराच वेळ लागतो. राजाराम साखर कारखान्याला जाणाऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरांना दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ट्रॅक्टर वळतो तेव्हा पहिली ट्रॉली त्याच्यापेक्षा आतून वळते आणि दुसरी तिच्याहीपेक्षा आतून. ट्रॅक्टरनं तुमच्यासाठी सोडलेली जागा दुसरी ट्रॉली येईपर्यंत संपलेली असते. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. टेपचा आवाज आणि इंजिनाचा आवाज यात तुमची हाक त्याच्यापर्यंत जात नाही. वरून ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला असतो, त्याची टोकं बरोबर तोंडाच्या उंचीला येतात. ट्रॉली खड्ड्यात आदळली की एखादी मोळी सुटते.

म्हणून ट्रॉलीच्या डाव्या अंगाला कधीही जायचं नाही. ती पुढं असेल तर शंभरेक फूट मागं राहा, मागून येत असेल तर साइडपट्टीवर उतरून थांबा आणि जाऊ द्या. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, तेवढे महिने घरून थोडं लवकर निघालात की थांबायला वेळ मिळतो. रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घालू नका. ऊस गोल असतो, चाकाखाली फिरतो आणि सायकल आडवी होते. पाचटावर दव पडलं की तेही निसरडं होतं.

रात्री खरा धोका उभ्या ट्रॉलीचा. पंक्चर झालेली ट्रॉली मागं दिवा नसताना, रेडियम नसताना रस्त्यावर सोडलेली असते, आणि समोरून गाडीचा फोकस डोळ्यांवर आला की ती तुम्हाला दिसतच नाही. फोकस आला की वेग कमी करा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा, दिव्याकडं बघू नका. पुढचा दिवा चांगला घ्या, चार्जिंगचा, हँडलला घट्ट बसणारा, आणि तो थोडा खाली वाकवून लावा म्हणजे खड्डा दिसेल आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार नाही. पाळीला जाताना तो रोज चार्ज केलाय का बघायचं. मागं लाल दिवा हवाच. मडगार्डवर रेडियमची पट्टी चिकटवा, पायडलवर आणि पँटच्या घोट्यापाशीही लावा. घोट्याचं रेडियम वर खाली होत राहतं. त्या हालचालीमुळं पुढं माणूस सायकल चालवतोय हे गाडीवाल्याला लांबून कळतं, मडगार्डवरच्या पट्टीनं तेवढं कळत नाही.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघत चला, तो तुमच्या बावड्यातच आहे. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची. पाणी इशाऱ्याकडं सरकायला लागलं की फौंड्रीत आधीच बोलून ठेवा, पाळी बदलून घ्या किंवा तिकडंच राहायची सोय बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गसुद्धा पाण्याखाली गेला होता. शिये रस्त्यावर पाणी आलं असेल तर किती का थोडं असेना, सायकल घालू नका. वाहत्या पाण्यात डांबराची कड कुठं संपते ते दिसत नाही.

प्रश्न : वय ५८. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये कामाला. माझी जुनी काळी सायकल आहे. सागरमाळाकडं घरी जाताना चढाला दम लागतो. गियरची सायकल घेऊ का? शिवाय पंक्चर फार होतं, काढलं की दोन दिवसांत परत तिथंच.

उत्तर : गियरची सायकल एवढ्यात नको. तुमच्या सायकलीला पुढं ४४ आणि मागं १८ दात असतील. मोजून बघा. मागचं दातेरी चाक, म्हणजे फ्रीव्हील, बदलून २२ दातांचं बसवा. आत्ता पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते, मग साडेचार मीटरच्या आत जाईल. सपाटीला पाय थोडे जास्त फिरवावे लागतील, पण चढ हलका होईल. चेन आखूड पडेल, एखादी कडी वाढवून घ्या. दम छातीत भरून येत असेल, तर मात्र सायकलीआधी डॉक्टरांना दाखवा.

पंक्चर परत तिथंच होतं म्हणजे टायरमध्ये काहीतरी राहिलंय. उद्यमनगरात लेथवरचा लोखंडी कीस रस्त्यावर येतो. बारीक, पीळ पडलेला, केसाएवढा. तो रबरात आरपार रुततो आणि बाहेरून दिसत नाही. हातालाही लागत नाही, टायरवर वजन पडलं की तेवढा आत टोचतो. पंक्चरवाले ट्यूब काढतात, ठिगळ लावतात, टायर आतून तपासत नाहीत. तुम्ही स्वतः तपासा. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून सगळीकडं सावकाश फिरवा. एकदा एका दिशेनं, एकदा उलट. कीस असेल तिथं कापसाचे धागे अडकतील. तिथं टायर दोन्ही हातांनी उलटा वाकवा, टोक वर येईल, चिमट्यानं किंवा छोट्या पकडीनं ओढून काढा. तो निघेपर्यंत ट्यूब परत बसवू देऊ नका.